कितव्या मिनिटाला?

प्रिय मित्रा,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा एका गेमचं तपासणीचं काम अगदी शेवटाला आलं होतं, आणि त्या आठवड्यात मी घरच्यांशीही धड बोलत नाही.

तुझ्या स्विच लाइटवर, म्हणजे निन्टेंडोच्या हातात मावणाऱ्या कन्सोलवर, खेळलेल्या व्हिडिओ गेम्सबद्दल तू मुलाखतीआधी लिहून पाठवलंस: पाच गेम, प्रत्येकाखाली ग्राफिक्स, संगीत, गोष्ट, कंट्रोल असे चार रकाने आणि शेवटी दहापैकी गुण. झेल्डाला (‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’) दहा, सेलेस्टला साडेनऊ, बलाट्रोला नऊ, ‘इन्टू द ब्रीच’ला सात, राजीला साडेसहा. प्रगतिपुस्तक नीटनेटकं भरलंयस. पण ते वाचून मला त्या गेम्सबद्दल नवं काही कळलं नाही आणि तुझ्याबद्दलही नाही. मग अगदी तळाशी, ता.क. म्हणून तू लिहिलंस: ‘ताई, सेलेस्ट मी मामेबहिणीच्या हळदीला जिन्यात बसून खेळलो. मध्ये चारदा मला उठवलं, तरी चॅप्टर संपवला.’

अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य हे एवढंच. आणि ते तू ता.क.त टाकलंस!

चारदा उठवूनही चॅप्टर संपला, म्हणजे सेलेस्टमध्ये असं काही आहे जे उठवलं जाण्याला पुरून उरतं. काय ते शोधलंस का? प्रत्येक चॅप्टर छोट्या छोट्या खोल्यांचा आहे. मेलीस की त्याच खोलीच्या तोंडाशी डोळ्याचं पातं लवायच्या आत परत उभी. (तो गेम खेळताना मी स्वतःला त्यातली नायिका मॅडलिनच समजते, त्यामुळे ‘मेलीस’.) खोली पार झाली की मागचं ओझं नाही. स्विच लाइटचं बटण दाबून पडदा झोपवायचा, पंगतीला वाढायला जायचं, परत येऊन तिथूनच पुढे. तुझ्या अंगठ्याला आणखी एक गोष्ट जाणवली असेल, डोक्याला कदाचित नसेल: कड्यावरून पाय सुटल्यानंतरही अगदी निमिषभर उडी मारता येते. आपल्याला वाटतं आपण वेळेवर मारली. प्रत्यक्षात आपण चुकलेलो असतो आणि गेमने ते पोटात घातलेलं असतं. सेलेस्ट बनवणाऱ्या मॅडी थॉर्सननी अशा सवलती स्वतःच जाहीरपणे मांडल्या आहेत. ‘कंट्रोल : उत्तम’ असं तू लिहिलंस ना, त्या ‘उत्तम’च्या आत हे सगळं दडलंय.

माझी गोष्ट सांगते. नोकरीला लागले तेव्हा मोबाइलवरचे गेम तपासायचं काम होतं. पहिल्याच आठवड्यात एका गेमबद्दल मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘गेम पुढे कंटाळवाणा होतो.’ आमच्या सीनियर मॅडमनी तो कागद परत पाठवला, वर लाल पेनाने दोनच शब्द: कितव्या मिनिटाला? मला रागच आला. कंटाळा काय घड्याळ लावून येतो? पण नोकरी नवी, म्हणून घड्याळ लावून परत खेळले. सातव्या मिनिटाला आला. दुसऱ्या दिवशी परत सातव्याच्या आसपास. मग कळलं की तोवर सगळी नवी बटणं शिकून झालेली असतात आणि पुढची तीन लेव्हल त्याच फळ्या, तेच खड्डे, फक्त मागचं चित्र बदललेलं. हे लिहून दिलं तेव्हा गेम बनवणाऱ्यांनी एक लेव्हल उचलून पुढे नेली. ‘कंटाळवाणा’ या शब्दाने काहीच हललं नव्हतं.

म्हणून आता गुण बंद. शंभर पानी वही घे. कन्सोल हातात घेतलास ती वेळ, खाली ठेवलास ती वेळ आणि का ठेवलास, एवढंच लिही. आईने हाक मारली, बॅटरी संपली की तूच कंटाळलास. हाक मारली असेल तर परत कधी उघडलास तेही लिही; तिथे खरी गंमत असते.

हातात मावणाऱ्या गेमचा जन्मच फुटकळ वेळातून झालाय. गुनपेई योकोई या निन्टेंडोच्या इंजिनिअरने शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये, एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहिला आणि त्यातून त्याला ‘गेम अँड वॉच’ हे खिशात मावणारं खेळाचं यंत्र सुचलं असं सांगतात. ते १९८० मध्ये आलं. मग १९८९ मध्ये गेम बॉय: पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट रंगाच्या चार छटा, चार पेन्सिल सेल. पाठोपाठ सेगाचा गेम गिअर आला तो रंगीत, पडद्यामागून उजेड असलेला, पण सहा सेल काही तासांत गिळणारा. जिंकला गेम बॉयच, ते तुला ठाऊक आहे. योकोईचं म्हणणं असं की नव्याकोऱ्या तंत्रामागे धावण्यापेक्षा जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्र नव्या जागी वापरा. लोणच्यावर वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावायला नको.

आमच्या लहानपणी गेम बॉय कुठला! जत्रेत मिळणारा ब्रिक गेम होता, डब्यावर ‘९९९९ इन १’ छापलेलं, आत खरे गेम मोजून दहा-बारा. पुढे ऑफिसात एकाने जुना गेम बॉय आणला, त्यावर टेट्रिस खेळले. पॉज दाबला आणि सगळे ठोकळे गायब! थांबलात तर थांबा, पण थांबून विचार करायला मिळणार नाही. पॉजचं बटण कसं वागावं हेही कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

आता तुझ्या सात गुणांकडे येते. ‘इन्टू द ब्रीच’चे ग्राफिक्स जुनाट वाटले म्हणून तीन कापलेस. आठ बाय आठ घरांचा पट आहे तो, बुद्धिबळाएवढाच. शत्रू पुढच्या खेपेला कुठे मारणार हे आधीच दाखवून ठेवतो. म्हणजे लपवाछपवी जवळजवळ नाही. पुणे-मुंबई गाडीत मी तो खंडाळ्याच्या घाटात बंद केला आणि चार दिवसांनी घरी उघडला. पट बघितला आणि दोन मिनिटांत सगळं ध्यानात आलं. आठवायचं काही नव्हतंच, सगळं समोर मांडलेलं होतं. तुझ्या झेल्डाचं तसं झालं का? परीक्षेच्या आधी सोडलास आणि तीन आठवड्यांनी उघडलास असं तूच लिहिलंयस. कुठल्या डोंगरावर होतो, का चढत होतो, ढाल कुठल्या बटणाने वर येते, काहीच आठवलं नाही म्हणतोस. आणि तरी दहापैकी दहा! मी त्या गेमची वेडी आहे, त्यामुळे भांडत नाही. पण त्यातल्या १२० श्राइन्सकडे जरा नीट बघ. इतक्या अफाट मोकळ्या जगात दहा-पंधरा मिनिटांत संपणाऱ्या, दार असलेल्या खोल्या का पेरून ठेवल्या असतील?

राजीवर मात्र थांबते. तू लिहिलंस, ‘पुण्याच्या लोकांनी केलाय म्हणून अर्धा गुण जास्त दिला.’ तो आधी परत घे. तो बनवणाऱ्या नॉडिंग हेड्सनी तुझ्याकडे तो अर्धा गुण मागितलेला नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये हा गेम सगळ्यात आधी स्विचवरच आला. म्हणजे तुझ्या हातात आहे त्या जातीच्या यंत्रावर. मग त्याला तसाच तपास. राजीमध्ये कॅमेरा आपल्या हातात नसतो. तो मध्येच लांब, खूप लांब जातो. राजवाडा, खांब, भिंती सगळं भव्य दिसतं आणि त्यात राजी, म्हणजे गेमची नायिका, नखाएवढी होते. मोठ्या पडद्यावर पाहताना मी तिथे दोन मिनिटं नुसती उभी होते. तुझा पडदा साडेपाच इंचांचा. तिथे तेच दृश्य भव्य वाटलं की राजी शोधावी लागली? तू ‘कॅमेरा त्रास देतो’ एवढंच लिहिलंस. कितव्या मिनिटाला, कुठल्या उडीला, घरात की उन्हात, ते लिही. दोनदा एकाच जागी पडलास तर ती नोंद सोन्यासारखी. आणि जमलं तर तीच जागा मित्राच्या कॉम्प्युटरवर खेळून बघ, म्हणजे दोष कशाचा आणि पडद्याचा वाटा किती ते वेगळं काढता येईल.

अक्षरांचंही तसंच. स्टीम डेक या आपल्या हातातल्या कन्सोलसाठी व्हॉल्व्ह कंपनीने गेम बनवणाऱ्यांना सांगून ठेवलंय की १२८० बाय ८०० च्या पडद्यावर बारीकात बारीक अक्षरही ९ पिक्सेलच्या खाली जाता कामा नये. तू विशीतला, तुला अजून सगळं दिसतं. मी हल्ली चष्मा कपाळावर सरकवून कन्सोल नाकाशी नेते तेव्हा शेजारचे प्रवासी हसतात.

पत्त्यांच्या बलाट्रोबद्दल तू ‘व्यसन लागतं’ म्हणून सोडून दिलंस. इथे वहीचा उलटा उपयोग कर: बंद करायचं ठरवून बंद करता आला नाही, ती वेळ लिही. मी माझी लिहिली. बहुतेक वेळा एक ब्लाइंड, म्हणजे त्यातला एक डाव, जिंकून दुकानाचा पडदा समोर आला तेव्हाच. हातात चार पैसे, समोर नवे जोकर मांडलेले. तुळशीबागेत पर्समध्ये पैसे असताना कुणी सरळ घरी गेलंय का? एक घ्यायचा, आणि घेतला की तो चालतो कसा ते बघायला पुढचा डाव आलाच. पत्त्यांचं गणित नंतर. आधी ते दुकान नेमकं कुठल्या क्षणी उघडतं ते बघ.

मुलाखतीला जाताना काय न्यावं असं विचारलंयस. ही वही ने. निदान मी समोर बसले असते तर तीच मागितली असती. सुबक करून उतरवू नकोस, चहाचे डाग असू देत.

आणि सेलेस्टमधलं ते हॉटेल ओलांडलंस का? तिसरा चॅप्टर, मिस्टर ओशिरोचं. मी पहिल्यांदा तिथे कन्सोल ठेवला तो तीन आठवडे उचलला नाही. कुठल्या खोलीत ते मला अजून आठवतं, पण सांगत नाही. तू कुठे ठेवतोस ते आधी कळव.

तुझी,
ताई