कीबोर्डवरून चुकीची अक्षरे येत असतील तर कीबोर्ड बदलावा का?

आपण विचारले आहे की, लॅपटॉपवर मराठी लिहिताना मध्येच कन्नड अक्षरे उमटू लागतात, ईमेलचा पत्ता लिहिताना @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह येते, इंग्रजीत 'के' दाबले की 2 पडतो आणि 'जी' दाबले तर 'जी' व 'एच' दोन्ही एकदम येतात. दुरुस्तीवाल्याने कीबोर्ड बदलायला सांगितला आहे, तर तो बदलावा का? मी बेळगावात बरीच वर्षे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लग्नपत्रिका, अर्ज आणि दुकानांच्या पाट्यांचा मजकूर जुळवण्याचे काम करतो. एकाच यंत्रावर तीन भाषा लिहिणाऱ्या आपल्या सीमाभागातून या तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात. माझे स्पष्ट मत असे की, पहिल्या तीन तक्रारींसाठी आपण एक रुपयाही खर्च करू नये. चौथी तक्रार मात्र खरोखर यंत्रातील बिघाडाची आहे.

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. तो फक्त कोणती कळ दाबली गेली याचा क्रमांक पाठवतो, आणि त्या क्रमांकाचे अक्षर कोणते करायचे हे विंडोज त्या वेळी निवडलेल्या मांडणीवरून, म्हणजे कोणत्या कळीला कोणते अक्षर याच्या तक्त्यावरून, ठरवते. त्यामुळे एखादी कळ दर वेळी तेच चुकीचे अक्षर देत असेल, तर दोष बहुधा मांडणीत असतो. आणि तीच कळ कधी बरोबर, कधी दुप्पट, कधी शेजारच्या अक्षरासह उमटत असेल किंवा अजिबात उमटत नसेल, तर दोष कळीखाली असतो. कुणाकडून तरी यूएसबीचा वेगळा कीबोर्ड तासाभरासाठी आणून जोडला, तर हा निवाडा घरीच होतो. त्या कीबोर्डवरूनही @ ऐवजी अवतरणचिन्हच आले, तर लॅपटॉपचा कीबोर्ड निर्दोष आहे.

आता कन्नड अक्षरांविषयी. विंडोजमधील मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या मूळ मांडण्या इन्स्क्रिप्ट पद्धतीच्या आहेत, आणि इन्स्क्रिप्टमध्ये एका ध्वनीची जागा सर्व भारतीय लिप्यांत सारखीच ठेवलेली आहे. 'के' या कळीवर मराठीत देवनागरी क, तर कन्नडमध्ये कन्नड लिपीतला क येतो. म्हणूनच भाषा बदलली तरी बोटांना काहीच जाणवत नाही, आणि चूक कळते ती पडद्याकडे पाहिल्यावर. डावी ऑल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबल्या गेल्या की विंडोज पुढच्या भाषेवर जाते. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, ळ यांसारख्या कित्येक अक्षरांसाठी शिफ्ट लागते, त्यामुळे ही जोडी नकळत दाबली जाणे अगदी स्वाभाविक आहे. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा परत आणता येते. पण मी त्याहून अधिक आग्रहाने सांगेन की सेटिंग्जमध्ये ऑल्ट-शिफ्टची ही सोय बंदच करून टाकावी.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार गोंधळ घालते. कर्नाटकातील सरकारी कामासाठी 'नुडी' हे कन्नड लिहिण्याचे सॉफ्टवेअर शिकलेल्या व्यक्तीला के. पी. राव यांनी तयार केलेल्या मांडणीची सवय असते. तिच्यात के, एम, एल या तीन कळा दाबल्या की कन्नडमध्ये 'कमल' उमटते. त्याच तीन कळा मराठी इन्स्क्रिप्टमध्ये दाबल्या तर 'कसत' असे येते. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याने कमल या शब्दाचे पाचही इंग्रजी अक्षरांचे स्पेलिंग इन्स्क्रिप्टमध्ये दाबले तर 'कोसोत' उमटते. असे शब्द पाहून कीबोर्ड पूर्ण बिघडला असे वाटते, पण प्रत्येक कळ आपापले काम चोख करत असते. इंग्रजी अक्षरांतूनच मराठी लिहायची असेल, तर विंडोज 10 मध्ये 2019 पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो. तो घ्यावा, मात्र दोन्ही मराठी कीबोर्ड एकाच वेळी ठेवू नयेत, कारण मग कोणता चालू आहे हे दर वेळी तपासत बसावे लागते.

जुन्या फाइलमध्येच कन्नड अक्षरे येत असतील, तर कारण निराळे असू शकते. नुडीच्या किंवा श्रीलिपी या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाणित पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी कन्नड किंवा देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात; कर्सर अशा मजकुरात असला की आपण इंग्रजी लिहिले तरी तेच तुकडे दिसतात. नोटपॅडची नवी फाइल उघडून तीच ओळ लिहून पाहावी. तिथे ती नीट आली, तर फक्त फाँट बदलायचा आहे.

@ आणि अवतरणचिन्ह यांची अदलाबदल हे ब्रिटिश मांडणीचे हमखास लक्षण आहे. आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड बहुतेक अमेरिकन मांडणीचे असतात आणि त्यांत @ हे 2 च्या कळीवर असते. ब्रिटिश मांडणीत त्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह असते, तर 3 च्या कळीवर पौंडाचे चिन्ह येते. शिफ्ट आणि 3 दाबून पौंड उमटला, तर शंका उरणार नाही. सेटिंग्जमधील 'टाइम अँड लँग्वेज' या भागात इंग्रजी भाषेच्या पर्यायांत जाऊन अमेरिकन कीबोर्ड जोडावा आणि ब्रिटिश काढून टाकावा. लॉगिनच्या पडद्यावरही कोपऱ्यातील भाषेची खूण पाहावी, कारण पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, चुकीचे चिन्ह लक्षात येत नाही आणि माणूस पासवर्ड विसरल्याच्या समजुतीने हैराण होतो.

'के' दाबल्यावर 2 येणे म्हणजे नम लॉक, म्हणजे अक्षरांच्या काही कळांवरून आकडे उमटवण्याची सोय, चालू असणे. आकड्यांचा वेगळा भाग नसलेल्या अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये यू, आय, ओ वर 4, 5, 6, जे, के, एल वर 1, 2, 3 आणि एम वर 0 असे आकडे असतात. एफएन आणि नम लॉक एकत्र दाबले की ते जातात. ही तक्रार बाहेरच्या कीबोर्डवर दिसत नाही, म्हणून वर सांगितलेल्या चाचणीने इथे फसू नये.

राहिली 'जी' आणि 'एच' ची जोडी. कळांखाली आडव्या-उभ्या वाहक रेषांची जाळी असते, आणि कळ दाबली की दोन रेषा जुळतात. चहाचा साखरट थेंब, धूळ किंवा खानापूरकडच्या पावसाळ्यातील ओल यांमुळे शेजारच्या रेषा आपसांत जोडल्या गेल्या की एका कळीबरोबर दुसरे अक्षरही येते. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, तो उलटा धरून हलकेच झटकावा आणि ब्रशने कळांमधील कचरा काढावा. बाहेरच्या कीबोर्डवर 'जी' नीट उमटत असूनही लॅपटॉपवर ती जोडी कायम राहिली, तर कीबोर्ड बदलण्याला पर्याय नाही. त्याआधी दुरुस्तीवाल्याला बॅटरी फुगलेली नाही ना हे पाहायला जरूर सांगावे, कारण फुगलेली बॅटरी खालून कीबोर्डवर दाब देते, आणि ती तशीच वापरणे धोक्याचे आहे. नवा कीबोर्ड बसवून घेताना @ हे 2 च्या कळीवरच छापलेले आहे, याची दुकानातच खात्री करून घ्यावी.