वर्तुळाकार मांडण्या संख्यारेषेवरून कशा मोजाव्यात

आपला प्रश्न असा आहे : १ ते क्ष या संख्या प्रत्येकी एकदाच वर्तुळावर मांडायच्या, शेजाऱ्यांमधला फरक २ पेक्षा (दुसऱ्या भागात ३ पेक्षा) जास्त नसावा, आणि फिरवून किंवा उलट दिशेने वाचून मिळणाऱ्या मांडण्या एकच समजायच्या. त्यासाठी आपण शून्य-एकच्या मॅट्रिक्सचा (दोन संख्या शेजारी चालत असतील तर १, नाहीतर ० असा तक्ता) घात घेऊन मुख्य कर्णावरील घटकांची बेरीज केली आहे. संख्यांची पुनरावृत्ती चालत असेल तर ही रीत उत्तम आहे. १, २, ३ मधून वर्तुळावरच्या चार क्रमांकित जागा भरायच्या आणि फरक १ पर्यंतच ठेवायचा, तर ती अचूक ३५ देते. येथे मात्र कोणती संख्या आधीच वापरली गेली याची नोंद मॅट्रिक्समध्ये राहत नाही. म्हणून वर्तुळाभोवती न फिरता १ पासून चढत्या क्रमाने जावे आणि प्रत्येक संख्येचे दोन शेजारी ठरवीत जावे.

फरक २ पर्यंत असेल तर १ चे शेजारी २ आणि ३ हेच असू शकतात. आता २ चा दुसरा शेजारी ३ किंवा ४. पण ३ घेतल्यास वर्तुळ तेथेच बंद होते आणि बाकीच्या संख्या बाहेर राहतात, म्हणून ४. त्याच कारणाने ३ चा दुसरा शेजारी ५, आणि असेच शेवटपर्यंत. निवडीला कोठेच वाव नसल्यामुळे क्ष ३ किंवा अधिक असताना मांडणी एकच मिळते : एका बाजूने विषम संख्या चढत जातात, दुसऱ्या बाजूने सम संख्या उतरत येतात.

फरक ३ पर्यंत नेला की चित्र पूर्ण बदलते, आणि प्रश्नाचा खरा रस येथेच आहे. क्ष सम असताना (१, २), (३, ४), (५, ६) अशा जोड्या करा. १ आणि २ एकमेकांना जोडा, शेवटच्या जोडीतील संख्याही एकमेकींना जोडा. मधल्या प्रत्येक टप्प्यावर लहानाला लहान व मोठ्याला मोठा जोडला तर दोन्ही फरक २ येतात, उलट जोडले तर ३ आणि १. कोणतीही निवड केली तरी एकच अखंड वर्तुळ तयार होते, आणि प्रत्येक टप्प्याला पर्याय दोन असल्याने केवळ याच प्रकारच्या मांडण्या २ चा (क्ष/२ − १) वा घात इतक्या होतात. त्यामुळे एकूण संख्या घातांकी वेगाने वाढते.

अचूक मोजणीसाठी प पर्यंतच्या संख्यांमधील सर्व जोडण्या ठरल्या आहेत असे समजा. मोकळी टोके (अजून न ठरलेल्या शेजाऱ्यांच्या जागा) फक्त प−२, प−१ आणि प यांनाच असू शकतात, कारण त्याहून लहान संख्या पुढे कोठेच पोहोचत नाहीत. प्रत्येकाची किती टोके मोकळी आहेत आणि कोणती दोन टोके एकाच साखळीची आहेत, एवढीच माहिती पुरते. दुसरी बाब बहुतेकांकडून सुटते, आणि मग अकाली बंद झालेली छोटी वर्तुळेही मोजली जातात. अशा स्थिती मोजक्याच असल्याने मांडण्यांची संख्या आधीच्या ठरावीक पदांवरून एकरेषीय सूत्राने (त्या पदांना ठरावीक संख्यांनी गुणून बेरीज करून) काढता येते.

पडताळ्यासाठी, फरक ३ पर्यंत असताना क्ष = ४, ५, ६ ची उत्तरे ३, ६, १० आहेत. सहासाठी फरकाची अट नसताना एकूण ६० मांडण्या; वर्ज्य जोड्या १–५, १–६, २–६. प्रत्येक जोडी २४ मांडण्यांत येते, दोन-दोन एकत्र ६, ६ आणि १२ मांडण्यांत, तिन्ही एकत्र २ मांडण्यांत; म्हणून ६० − ७२ + २४ − २ = १०.