फिलोचे त्रिकोण : चिकटतात का, ओले का राहतात?

प्रश्न : पालक आणि फेटा चीजचे ग्रीक त्रिकोण, म्हणजे स्पानाकोपिता, घरी केले. फिलोची, म्हणजे मैद्याच्या तयार पातळ पापुद्र्यांची, काही शीट एकमेकांना चिकटली, काही घडी घालताना मोडली. भाजल्यावर वरून कुरकुरीत, पण तळ ओला. कुठे चुकतंय? (वाचक, ठाणे)

उत्तर : तिन्हींच्या मुळाशी पाणीच आहे. फ्रीझरमधलं पाकीट थेट ओट्यावर ठेवलं की आत दव धरतं आणि कडा चिकटतात. ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मग दीड-दोन तास बाहेर, तेही न उघडता. फिलो कागदाइतकी पातळ असते आणि तिच्यात तेल नावापुरतंच. पाकीट उघडल्यावर पाच-सात मिनिटांत कडा वाळतात, पंख्याखाली त्याहून लवकर. म्हणून आधी पंखा बंद करा. शीटवर प्लास्टिक आणि त्यावर ओला करून घट्ट पिळलेला पंचा ठेवा. ओलं कापड थेट शीटवर टाकलंत तर लगदा होईल. फाटलेलं शीट आतल्या थराला खुशाल वापरा, कुणाला कळत नाही.

ओल्या तळाचा दोष बहुतेक पालकाचा. 500 ग्रॅम निवडलेला पालक चिरून झाकण न ठेवता परता, गार करा आणि मूठ-मूठ घेऊन पिळा. ठिबकणं थांबलं की आणखी एकदा पिळा. त्यात टिपून कुस्करलेलं 200 ग्रॅम फेटा, 4 पातीचे कांदे, मूठभर शेपू, 1 अंडं, मिरपूड, चिमूटभर जायफळ. मीठ नको, फेटाचं पुरतं. शेपू मात्र वगळू नका. भाजीला नाक मुरडणारेही इथे तो आवडीने खातात. सारण पूर्ण गार हवं, नाहीतर त्याची वाफ आतूनच पापुद्रे भिजवते.

बटरमध्येही सुमारे 16 टक्के पाणी असतं. त्यापेक्षा पातळ केलेलं साजूक तूप बरं. एका शीटवर ब्रशने तुपाचा हलका हात, त्यावर दुसरं शीट, पुन्हा तूप. साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, टोकाला एक मोठा चमचा सारण ठेवा आणि पट्टी समोशासारखी त्रिकोणी घडी घालत जा. घडी किंचित सैल ठेवा. भाजताना सारण फुगतं. घट्ट गुंडाळलेला त्रिकोण हमखास फुटतो. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात 190 अंशांवर 20 ते 25 मिनिटं भाजा. काढल्यावर जाळीवर ठेवा, ताटात नको. ताटात तळाला घाम येतो.

प्रश्न : फेटा मिळत नाही आणि घरात अंडं चालत नाही. (वाचक, सांगली)

उत्तर : 200 ग्रॅम किसलेल्या पनीरला 2 मोठे चमचे चक्का, पाऊण छोटा चमचा मीठ आणि 1 छोटा चमचा लिंबाचा रस लावून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवा. फेटा मेंढीच्या दुधाचं, फार तर त्यात 30 टक्क्यांपर्यंत शेळीचं. तो उग्रपणा पनीरला येणार नाही, पण आंबट-खारट मेळ जमतो. अंड्याऐवजी 1 मोठा चमचा भाजलेला रवा घाला. उरलंसुरलं पाणी तो पिऊन घेतो.

प्रश्न : फिलोऐवजी समोसा पट्टी चालेल? (वाचक, बडोदा)

उत्तर : तळायचे असतील तर उत्तम. ओव्हनमध्ये मात्र ती कडक होते, पापुद्रे सुटत नाहीत. ती जाड असते आणि तव्यावर आधीच अर्धकच्ची भाजलेली असते.

प्रश्न : पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी करून ठेवता येतील? (वाचक, नागपूर)

उत्तर : हो, पण न भाजता. तूप लावून ट्रेवर सुटे-सुटे गोठवा, कडक झाले की डब्यात भरा. भाजताना फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये, पाच-सात मिनिटं जास्त. आधी बाहेर काढून सैल होऊ दिलेत तर पुन्हा तोच ओला तळ.