काजूच्या बागांतनं हलशीपर्यंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही दोन जोडपी, चौघंही पन्नाशीच्या पुढचे. राजहंसगड झाला, वैजनाथ झालं, आता गड नको कारण ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागलेत. एका दिवसात सावकाश चालत होईल अशी बागांची वाट सांगा, दोन जुनी गावं बघायला मिळाली तर अजून बरं. संध्याकाळी बेळगावात परत यायचंय. (टिळकवाडीतल्या वाचक)

नंदगड ते हलशी. दुसरं काही सुचवायला लावू नका, माझी आवडती वाट आहे ती.

सकाळी रेल्वेनं नाहीतर बसनं खानापूर गाठा, तिथून नंदगडची बस. नंदगडला आधी संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीला जाऊन या. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शिपाई, राणी कैदेत गेल्यावरही इंग्रजांशी लढत राहिला आणि २६ जानेवारी १८३१ ला त्याला इथंच वडाच्या झाडाला फाशी दिली. समाधीवरच्या वडाला आजही लोक हात लावून पाया पडतात, नवस बोलतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पुतळ्याचा फोटो काढून पाच मिनिटांत निघणार होते, पण वडाच्या सावलीत बसले आणि तासभर हललेच नाही, तेव्हा तुम्ही वेळेचा हिशेब करताना हा तास धरूनच करा.

मग हलशीकडे. डांबरी रस्ता आहे, पण मजा पाणंदीत आहे. तांबडी माती, बैलगाडीच्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूला काजू, मधेच कुणाचा ऊस, मधेच भात कापून मोकळी पडलेली शेतं. चढ आहेत पण ते टेकडीचे, गडाच्या पायऱ्या नाहीत, त्यामुळे गुडघेवाल्यांना सांगा की काठी घ्या आणि गप्पा मारत चला. तीन-चार तास धरा. वाट फुटली की मोबाइल बघण्यापेक्षा बागेत जो कोण असेल त्याला विचारा, मी एकदा नकाशाच्या भरवशावर गेले आणि थेट एकाच्या गोठ्यात निघाले, म्हशीसकट सगळे बघायलेत माझ्याकडं.

कधी जायचं? डिसेंबर-जानेवारीत काजू मोहरतो, त्याचा गोडसर वास सकाळच्या थंडीत रस्ताभर असतो आणि चालायला हवाही उत्तम. फळ बघायचं असेल तर मार्च, पण मग अकरानंतर ऊन डोक्यावर येतं. मी स्वतः फेब्रुवारीचा शेवट निवडते, थोडा मोहोर थोडं बोंड. एक मात्र ऐका, उजाडायच्या आधी निघू नका आणि अंधार पडेपर्यंत बागेत रेंगाळू नका. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत आणि काजूचं बोंड त्यांनाही आवडतं.

हलशीत पोचलात की आधी डबा सोडा, देऊळ कुठं पळून जात नाही. हे आज दिसायला साधं खेडं आहे पण कदंब राजांच्या ताम्रपटातली पलाशिका ती हीच, पाचव्या शतकातलं नाव आहे हे. नावात पळस दिसतोच, मार्चात गेलात तर वाटेवर फुललेला पळसही भेटेल. पुढं गोव्याच्या कदंबांनीही इथं दुसरी राजधानी केली आणि भूवराह नरसिंहाचं देऊळ त्यांच्याच काळातलं. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह, आणि तुम्ही मधल्या मंडपात उभे राहिलात की कुणाकडं पाठ करायची हाच प्रश्न पडतो. आमच्या आत्याबाई सरळ आडव्या उभ्या राहिल्या आणि दोन्हीकडं मान वळवून नमस्कार केला. पायात दम उरला असेल तर गावापासून दोनेक किलोमीटरवर रामतीर्थाची टेकडी आहे, तिथं देऊळ आणि कुंड आहे. नसेल तर सोडा. हलशी खानापूरपासून चौदाएक किलोमीटर आहे, परतीची शेवटची बस किती वाजता ते पोचल्या पोचल्या विचारून ठेवा, देवळात शिरायच्या आधी.

प्रश्न : मागच्या मार्चमध्ये आम्ही मुलांना घेऊन अशाच एका बागेतनं चाललो होतो. झाडाचं एकही फळ तोडलं नाही, फक्त खाली पडलेले काजू मुलांनी खिशात भरले. तर बागवाला धावत आला आणि काय काय बोलला. पडलेलं उचललं तर एवढं काय? (शहापूरचे वाचक)

दादा, बागवाला बरोबर होता.

आंबा पडला की तो पडका आंबा, त्याचा भाव गेला. काजूचं उलटं आहे. काजू तोडत नाहीत, बोंड पिकून बीसकट आपोआप खाली पडतं तेव्हा ती बी तयार झाली असं समजतात, म्हणून तर हंगामाच्या आधी झाडाखालचं गवत, पाला काढून लख्ख करतात. रोज सकाळी घरातली बायका-पोरं वाकून वाकून एकेक गोळा करतात, बोंड पिरगळून बी वेगळी करतात, उन्हात वाळवतात, मग व्यापाऱ्याकडं वजनावर. म्हणजे तुमच्या मुलांनी खिशात भरलं ते पडलेलं नव्हतंच, ते पीक होतं. झाडावरचं तोडलं असतं तर ते कच्चं, तुमच्याही काही उपयोगाचं नाही, म्हणजे खरं तर तुम्ही नेमकं विकायचं तेवढंच उचललंत. मलाही हे पहिल्या वर्षी ठाऊक नव्हतं, मीही बोलणी खाल्लीत.

आणि मुलांच्या दृष्टीनंही ते बरं नाही. बीच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी भाजतं. कुणी दातानं फोडायला गेलं तर ओठ सुजतात, फोड येतात. कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख लावून बसतात ते उगीच नाही.

बोंड मात्र मागा. विकायची ती बी, बोंड बरंचसं तसंच टाकून देतात कारण ते दिवसभरात आंबायला लागतं (गोव्यात त्याचीच फेणी होते, ते वेगळं). विचारलंत तर बहुतेक जण ओंजळभर देतील, वर मीठही देतील. बी पिरगळून त्यांच्या टोपलीत टाका आणि मग खा.

प्रश्न : बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, माझी बहीण चंदगडहून येणार आहे, तिला काही कळत नाही. अडचण होईल का? (अनगोळच्या वाचक)

खानापूर भागात मराठीत विचारलं तर मराठीतच उत्तर मिळतं, स्टँडवर नुसतं ‘नंदगड?’ म्हटलं तरी चार हात एकदम वर होतात. पुढं कधी कित्तूरच्या बाजूला गेलात तर ‘दारी एल्लिदे’ एवढं पाठ करा, वाट कुठाय असं ते. तिकिटाचं तेवढं लक्षात ठेवा : तुम्हाला शक्ती योजनेत, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांच्या मोफत प्रवासाच्या योजनेत, साध्या बसला पैसे पडत नाहीत, पण कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. बहिणीला महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट असतं, ते इथं चालत नाही, इथं तिला पूर्ण पैसे. मागच्या वेळी आमच्याकडं यावरून दोन बहिणींत बसमध्येच जुंपली होती.

प्रश्न : त्याच दिवशी कित्तूर आणि देगावे पण करता येईल का?

नाही. ती दिशाच वेगळी आहे. देगाव्याचं कमलनारायणाचं देऊळ कदंबांच्याच राणीनं, कमलादेवीनं बांधलेलं, त्यामुळे हलशीनंतर बघायला गोडी येते हे खरं, पण कित्तूरबरोबर जोडून दुसऱ्या रविवारी गाडीनं जा.

प्रश्न : फोटोसाठी पांढरे कुर्ते घालायचा विचार आहे, चालेल ना?

बोंडाच्या रसाचा डाग जन्मात जात नाही. जुना शर्ट घाला.