बेसबॉलपटूची कारकीर्द वाचताना आधी तिची दोन टोकं बघा

तुम्ही विचारलंय की क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाने बेसबॉलमधल्या जुन्या-नव्या खेळाडूंपैकी कोणाबद्दल वाचावं, आणि एकूण आकड्यांवरून कोण मोठा ते कसं ओळखावं. वीसेक वर्षं हा खेळ बघितल्यावर माझं मत असं झालंय की एकूण आकडे सगळ्यात शेवटी बघावेत. कारकीर्द कितव्या वर्षी सुरू झाली, कधी थांबली आणि मधली वर्षं कुठे गेली, हे आधी.

टेड विल्यम्सचे 521 होमरन (साधारण आपल्या षटकारासारखा फटका) घ्या. हा माणूस 1943 ते 1945 हे तीन पूर्ण हंगाम लष्करात होता, आणि 1952-53 चा बहुतेक काळ कोरियाच्या युद्धात लढाऊ विमान चालवत होता. ते हंगाम मिळाले असते तर? त्याचा एक दिवस मात्र जरूर वाचा: 28 सप्टेंबर 1941, फिलाडेल्फिया. हंगामाचा शेवटचा दिवस, एकापाठोपाठ दोन सामने. त्याची सरासरी (दर संधीमागे किती हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके) होती 0.39955, म्हणजे बाकावर बसून राहिला असता तरी तीन दशांशांपर्यंत 0.400 धरली गेली असती. बस, असं मॅनेजरने सुचवलंही होतं. तो दोन्ही सामने खेळला, 8 पैकी 6 वेळा हिट मारली आणि 0.406 वर थांबला. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या (मिळून मेजर लीग म्हणवणाऱ्या) दोन्ही लीगच्या एकाही हंगामात कोणी 0.400 गाठलेलं नाही.

जॅकी रॉबिन्सनच्या हिट्स दीड हजारांच्या आसपास, हंगाम फक्त 10. नुसता आकडा बघणारा पुढे निघून जाईल. पण 15 एप्रिल 1947 ला ब्रुकलिन डॉजर्सकडून तो पहिल्यांदा उतरला तेव्हा 28 वर्षांचा होता, कारण तोवर कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारं बंदच होती. पिचर (चेंडू टाकणारा) सॅचेल पेजला तर ती 1948 मध्ये, वयाच्या 42व्या वर्षी उघडली. 1965 मध्ये 59 वर्षांचा असताना तो पुन्हा एकदा उतरला आणि 3 इनिंगमध्ये त्याने एकच हिट दिली! आणि जॉश गिब्सन? तो जानेवारी 1947 मध्ये, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, 35व्या वर्षी वारला. निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, आकडे 2024 मध्ये अधिकृत नोंदींत धरले गेले, तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत तो 0.372 ने तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्याही पुढे, पहिल्या क्रमांकावर आला. हे बघायला तो नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे बरोबर 3000 हिट्सवर थांबलेला दिसेल. 1972 च्या 31 डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. इचिरो सुझुकीच्या 3089 हिट्स वाचताना जपानमधल्या 1278 विसरू नका. अमेरिकेत तो आला तोच 27व्या वर्षी.

पण तुम्ही डावखुरे गोलंदाज आहात असं लिहिलंय, म्हणून सुरुवात सँडी कोफॅक्सपासून करा. पहिल्या सहा हंगामांत 36 विजय, 40 पराभव. वेग अफाट, टप्प्याचा पत्ता नाही. 1961 मध्ये एका सराव सामन्यात कॅचर (यष्टिरक्षकासारखा) नॉर्म शेरीने त्याला जोर थोडा कमी लावायला सांगितलं, आणि तिथून गाडी रुळावर आली. 1962 ते 1966 सलग पाच हंगाम नॅशनल लीगमध्ये दर 9 इनिंगला, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, (क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून) सगळ्यात कमी धावा देणारा पिचर तोच. कोपराला संधिवात झालेला, त्यामुळे सामना संपला की हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचा. 1966 मध्ये 27 सामने जिंकले, त्याच हिशोबाने दर 9 इनिंगला 1.73 धावा दिल्या, आणि नोव्हेंबरमध्ये, 30व्या वर्षी, पुढच्या आयुष्यात हात धड राहावा म्हणून खेळ सोडला.

त्याचे 1955 ते 1966 असे बारा हंगाम एका कागदावर ओळीने लिहून काढा आणि 1960 च्या खाली एक रेघ मारा. वर-खालचे आकडे एकाच माणसाचे वाटणार नाहीत.