मॅडम, मग खरं काय धरायचं?

"एक स्टडी म्हणतो तूप खा, दुसरा म्हणतो नका खाऊ, मग खरं काय धरायचं?" हा प्रश्न हल्ली आठवड्यातून एकदा तरी येतोच माझ्याकडे, म्हणून इथे इंदूरच्याच एका काकूंची गोष्ट सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि सहा-सात भेटींचं चार वाक्यांत आटपतेय).

काकू आल्या त्या वही घेऊनच. शंभर पानी, वर नातवाच्या शाळेचं लेबल. आत व्हॉट्सॲपवर आलेला एकेक स्टडी तारीखवार उतरवलेला. ओट्यावर तीन तेलं, एक काकांचं, एक बाकीच्यांचं, एक "नवीन स्टडीवालं". रविवारचे पोहे-जलेबी बंद, त्यावरून घरात अबोला, झोप उडालेली ती वेगळीच.

तेलाबद्दल मी काहीच बोलले नाही. वही कधी सुरू केलीत, एवढंच विचारलं. पहिल्या पानावरची तारीख, काकांना स्टेंट घालून घरी आणलं त्या दिवसाची.

चौथ्या भेटीत सहज म्हणाल्या, "रात्री अकराला ह्यांना हॉलमध्ये फिरवते, दहा हजार पावलं व्हायला हवीत ना, गुडघे दुखतात पण मी सोडत नाही."

मग मी सांगितलं की हा आकडा डॉक्टरांकडून आलेला नाही, 1965 मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. अभ्यास खूप नंतरचे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर बायकांचा एक आला, सरासरी वय 72, त्यात रोज 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 वाल्यांमध्ये मृत्यू बरेच कमी दिसले, आणि साधारण 7,500 च्या पुढे फायदा वाढला नाही. अर्थात मुळात धडधाकट असतात त्याच जास्त चालतात, हेही आहेच.

काकू गप्प. मीही गप्प, हे गप्प बसणं शिकायला मला पंधरा वर्षं लागलीयेत.

"म्हणजे एका यंत्राच्या नावापायी मी ह्यांचे गुडघे दुखवले?" आणि रडायलाच लागल्या. मग बऱ्याच वेळाने, "पस्तीस वर्षं स्वयंपाक तर माझाच होता ना."

सापडलं! वहीत काकू स्वतःवरच खटला चालवत होत्या, रोज नवा साक्षीदार. माझं कायम म्हणणं आहे की काळजीच्या तळाशी असं एखादंच वाक्य असतं, ते तोंडातून बाहेर पडलं की अर्धं काम होतं.

"काकांची सिगरेट कधी सुटली?"
"स्टेंटनंतर."
"आणि ती कोण ओढत होतं?"
काकू डोळे पुसता पुसता हसल्या.

बाकी सल्ला साधाच. "धोका निम्मा" असं वाचलं की कशाच्या निम्मा ते बघा, शंभरात दोघांचा एक झाला तरी बातमी निम्माच म्हणते. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड आणि आपली शेवसुद्धा धरायची हं! तेल कोणतं यापेक्षा महिन्याला किती संपतं ते आधी मोजा. घरात पेशंट असेल तर वही डॉक्टरांना दाखवा, तीनच प्रश्न निवडून.

काकूंचा अजून फोन येतो. नवीन स्टडी आला की आधी विचारतात, "मॅडम, त्या बायका किती वयाच्या होत्या?"