मदरशासाठी सरकारी मानधन घ्यावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निवासी मदरसा, बारा ते सोळा वयाची चाळीसेक मुलं, हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ करणं, चालू आहे. आणि राज्य सरकारच्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतून गणित-विज्ञानाचे शिक्षक घ्यायचे की नाहीत, यावरून ट्रस्टमध्ये दोन तट पडलेत. कुणाला वाटतं सरकार दीनी तालीममध्ये, म्हणजे धार्मिक शिक्षणात, ढवळाढवळ करेल, कुणाला वाटतं पैसे वेळेवर येणारच नाहीत. माझी सगळी नोकरी जिल्ह्याची बिलं तपासण्यात गेली, म्हणून दुसऱ्या शंकेवर जास्त लिहितो.

पहिलीचं थोडक्यात सांगतो. योजना मानधन देते ते गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा शिकवणाऱ्यांना. कुराण, हदीस शिकवणाऱ्या उस्तादांचा पगार आजही तुमच्या चंद्यातून होतो, उद्याही तिथूनच होईल. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं घटनेचं कलम २८ सांगतं. तुमची संस्था तशी नाही. तरीही सरकारी पैशाचं खातं आणि खतावणी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

आता पैशाचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. झालेल्यांचं ८,००० वरून १८,००० केलं. व्हायलाच हवं होतं. सहा हजारांत चांगला शिक्षक टिकत नाही. पण मंत्रिमंडळाने मंजूर केलं म्हणजे खात्यात जमा झालं असं नसतं. शासन निर्णय निघतो, मग त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या खात्यात, तरतूद लागते, ती अपुरी असेल तर पुरवणी मागणीची, म्हणजे विधिमंडळाकडून जादा निधी मिळण्याची, वाट पाहावी लागते. तरतूद असली तरी वित्त विभाग सगळी रक्कम एकदम सोडत नाही. बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी दिसला की मग बिल कोषागारात जातं. आणि ३१ मार्चला जे खर्च झालं नाही ते व्यपगत होतं, म्हणजे हातचं जातं.

एका मार्चमधली गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. एका छोट्या संस्थेचं अनुदान मंजूर होतं, निधीही आला होता. मागच्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर) सनदी लेखापालाची सही नव्हती, एवढ्यासाठी प्रस्ताव परत गेला. तो सहीसह पुन्हा आला तेव्हा एप्रिल उजाडला होता. संस्थेचे वृद्ध सचिव माझ्या टेबलासमोर फाईल छातीशी धरून उभे होते. मला काहीही करता आलं नाही.

‘प्राधान्याची योजना’ हा शब्द भाषणात ऐकून भुलू नका. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज यांना आधी बाजूला काढलं जातं. मग मोठ्या योजना येतात; एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटींची तरतूद होती. उरलेल्यात छोट्या योजनांची ओढाताण होते, आणि ज्यांच्यामागे बोलणारं कुणी नाही त्यांना कात्री आधी लागते. केंद्राच्या मदरसा योजनेच्या तरतुदीचे आकडे पाहा : २०२२-२३ ला १६० कोटी, पुढच्या वर्षी १०, त्याच्या पुढच्या वर्षी २. उत्तर प्रदेशातल्या वीस हजारांहून जास्त शिक्षकांना केंद्राचा वाटा कित्येक वर्षं मिळाला नव्हता, आणि जानेवारी २०२४ मध्ये राज्यानेही आपलं जादा मानधन थांबवलं. ती माणसं रोज वर्गावर जात होती.

तरीही माझं मत : योजनेत जा. फक्त मानधन उशिरा येणार असं धरूनच चाला. एक डी.एड. आणि एक बी.एड. शिक्षक म्हणजे महिन्याला ३४,०००. सहा महिन्यांचे २,०४,००० रुपये ट्रस्टने आधीच बाजूला काढावेत, आणि सरकारी रक्कम आली की त्या खात्यात भरून घ्यावी. हा पैसा लिल्लाहमधून (अल्लाहच्या नावाने दिलेल्या ऐच्छिक दानातून) काढायचा की आणखी कुठून, जकातीतून चालेल का, हे तुमच्या मुफ्तींना विचारा. तो माझा प्रांत नाही. एवढी तजवीज झाल्याशिवाय मात्र शिक्षकाला शब्द देऊ नका.

मुलांना दुपारी गणित झेपेल का, असंही तुम्ही विचारलंय. पाहणीसाठी मी एका मदरशात गेलो होतो. फजरच्या (पहाटेच्या) नमाजपासून सबक, म्हणजे पाठ, चाललेला, जेवणानंतर मुलं पेंगत होती. गणिताच्या तरुण शिक्षकाने फळ्यावर मीरास, म्हणजे वारसाहक्काची वाटणी, मांडली : माणूस वारला, मागे बायको, आई आणि एक मुलगा. बायकोला आठवा हिस्सा, आईला सहावा, मुलाला किती? मागच्या ओळीतला चौदा वर्षांचा पोरगा उठला आणि म्हणाला, चोवीस करा, तीन आणि चार गेले, सतरा उरले. लसावि हा शब्द त्याला माहीत नव्हता. शिक्षकाने तो तेव्हा सांगितला, आणि सगळ्या वर्गाने वहीत उतरवला. असा शिक्षक मिळाला तर ट्रस्टने स्वतः कर्ज काढून ठेवावा, मी तर म्हणेन.

पंधरा-सोळाच्या मुलांचं मात्र मानधनावर अडवून ठेवू नका. त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. गावाकडच्या शाळेतून आलेल्या बऱ्याच मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला घरीच राहिलेला असतो, किंवा त्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं. या आठवड्यात प्रत्येकाच्या घरी फोन लावून दाखले मागवून घ्या. नावदुरुस्तीला कधीकधी महिने जातात आणि फॉर्मची मुदत थांबत नाही.